बत्तीस अर्थांचा तक्ता

मंगळवारी सकाळी साडेनऊ वाजता माझी बायको सुमती वारली. ती स्वयंपाकघरात होती. मी बाहेर पेपर वाचत होतो. डॉक्टर दहाला आले आणि गेले. अकराला प्रज्ञा आली, कारण मंगळवारी आणि शुक्रवारी अकराला सुमतीकडे तिचा इंग्रजीचा तास असायचा आणि तिला कोणी कळवलं नव्हतं. तिनं पिशवी खाली ठेवली, सुमतीजवळ बसली, तिचे हात सरळ केले आणि मला विचारलं, "सर, नातेवाइकांचे नंबर कुठं आहेत?"

याला आता सव्वा वर्ष झालं.

या अंकाच्या संपादकबाईंनी 'नोकरीतले अनुभव लिहा, हलकंफुलकं चालेल' असं कळवलं, तेव्हा मी आधी नको म्हणालो. शिक्षकाला अनुभव येत नाहीत, सुट्ट्या येतात, असं सुमती म्हणायची, आणि ती स्वतः शिक्षिका होती. मग विचार करता लक्षात आलं की एकतीस वर्षांच्या नोकरीतलं जे काही सांगण्याजोगं आहे, ते सगळं एका इंग्रजी क्रियापदाभोवती गोळा झालेलं आहे. ते क्रियापद म्हणजे 'टेक'. तेवढंच लिहितो. लिहायला मला वेळ लागतो. दोन दिवाळ्या जातील असं वाटलं होतं, एकीत झालं.

मी औशाच्या शाळेत इंग्रजी शिकवायचो. बाहेरच्या माणसाला हे काम सोपं वाटतं. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीला सुरू व्हायचं आणि मुलांच्या घरात इंग्रजी म्हणजे खताच्या पोत्यावरची आणि ट्रॅक्टरच्या बॉनेटवरची अक्षरं. शब्द शिकवायचा म्हणजे त्याचा अर्थ फळ्यावर लिहायचा, मुलांनी तो वहीच्या मागच्या पानावर उतरवायचा आणि दुसऱ्या दिवशी म्हणून दाखवायचा. 'काऊ' म्हणजे गाय. विषय संपला. नामांशी माझं कधी वाकडं आलं नाही. मोठी, लांबलचक क्रियापदंसुद्धा सरळ वागायची. अडायचं ते चार अक्षरांच्या, साध्या दिसणाऱ्या क्रियापदांशी.

'टेक' म्हणजे घेणे. इथवर ठीक. पण पाठ्यपुस्तकातला मुलगा बस 'टेक' करायचा. बस घेण्याइतका तो सधन दिसत नव्हता. पुढच्या पानावर कुणीतरी फोटो 'टेक' करायचं. आपण फोटो काढतो. विमान 'टेक ऑफ' करायचं आणि माणूस पायातले बूटही 'टेक ऑफ' करायचा. मुलगी आईला 'टेक आफ्टर' करायची, म्हणजे आईवर गेलेली असायची. एखाद्या कामाला वेळ लागायचा, तोही इंग्रजीत त्या कामानं 'टेक' केलेला. आणि परीक्षा. आपण परीक्षा देतो, घेतात ते मास्तर. इंग्रजांची पोरं परीक्षा 'टेक' करतात. सातवीतल्या एका मुलीनं विचारलं, "सर, मग तिथले मास्तर काय करतेत?"

मी म्हणालो, "ते देतात."

"उलटंच हाय की सगळं," ती म्हणाली आणि तिनं वही मिटली.

त्या दिवाळीच्या सुट्टीत मी एक तक्ता केला. दोन कार्डशीट जोडून, वर-खाली लाकडी पट्ट्या ठोकून, लाल-निळ्या स्केचपेननं. मध्यभागी 'टेक' आणि खाली त्याचे बत्तीस अर्थ, क्रमांक घालून. पहिला घेणे, दुसरा नेणे, तिसरा फोटो काढणे, चौथा वाहनाने जाणे, असं करत बत्तिसाव्यापर्यंत. तालुक्याच्या शैक्षणिक साहित्याच्या प्रदर्शनात त्याला दुसरा नंबर मिळाला. पहिला एका ज्वालामुखीला मिळाला. तो धूर सोडायचा.

मुलांनी तो तक्ता पाढ्यांसारखा पाठ केला. सकाळी प्रार्थना झाली की वर्ग एका सुरात बत्तीस अर्थ म्हणायचा आणि शेजारच्या वर्गातले गणिताचे सर खिडकी लावून घ्यायचे. मला त्याचा अभिमान होता, हे लपवत नाही. एकदा शाळा तपासायला विस्तार अधिकारी आले. त्यांनी इंग्रजीचा वर्ग बघायचा म्हणून रामेश्वर नावाच्या माझ्या हुशार मुलाला उभं केलं, नाव-गाव विचारलं आणि खूश होऊन म्हणाले, "गुड. टेक अ सीट."

रामेश्वर ताठ उभा राहिला. म्हणाला, "सर, अकरावा."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी तक्त्याकडे बघितलं. अकरावा म्हणजे आसनावर बसणे. उत्तर बरोबर होतं.

"अरे, मग बस की," साहेब मराठीत म्हणाले, तेव्हा तो बसला. साहेबांनी शेरेबुकात 'पाठांतर उत्तम' असा शेरा लिहिला. तो शेरा मी बरीच वर्षं कौतुक समजत होतो.

अशी माणसं मला अजून भेटतात. लातूरच्या स्टँडवर एका कंडक्टरनं मला गाडीत चढताना बघितलं आणि मागच्या सीटवरून हाक मारली, "सर, चौथा." मी ओळखलं. माझाच विद्यार्थी. त्यानं मला पुढं जागा करून दिली. मी विचारलं, "बाकीचे येतात का रे अजून?"

"नंबर सगळे येतेत सर. इंग्रजी न्हाई येत."

हे तो तक्रार म्हणून बोलला नाही. आनंदानं बोलला.

सुमती तेव्हा नांदेड जिल्ह्यात, अर्धापूरला होती, तीही इंग्रजीलाच. नवरा एका जिल्ह्यात, बायको दुसऱ्या. शिक्षकांच्या घरात याचं नवल नसतं. 'पती-पत्नी एकत्रीकरण' नावाची एक बदली असते. तिचा अर्ज आम्ही दरवर्षी करायचो आणि अकराव्या वर्षी तो मंजूर झाला. तोवर सुमती शनिवारी शाळा सुटली की नांदेडला येऊन गाडी धरायची, लोहा-अहमदपूर करत संध्याकाळी लातूरला आमच्या घरी पोचायची. पिशवीत वह्यांचा गठ्ठा आणि त्यावर केळीची फणी, म्हणून तिनं तपासलेल्या वह्यांना कायम केळ्याचा वास. रविवारी पोहे झाले की आमचं आठवड्याचं भांडण व्हायचं. इतर जोडपी कशावरून भांडतात ते मला ऐकून माहीत आहे. आम्ही इंग्रजी कसं शिकवावं यावर भांडायचो.

तिच्या वर्गात तक्ता नव्हता. ती घरातून वस्तू न्यायची. डबा, छत्री, चप्पल, थर्मामीटर. एकानं उठायचं, काहीतरी करायचं आणि करता करता इंग्रजीत बोलायचं. कुणी छत्री उचलून दाराकडे निघालं की पाच-सहाजणी मागं धावायच्या, "डोन्ट टेक माय अम्ब्रेला." चुकायच्या, हसायच्या, छत्री मोडायच्या. मी एकदा रजा टाकून तिचा वर्ग बघायला गेलो होतो. मला तो वर्ग वाटला नाही, गुरुवारचा बाजार वाटला.

"तुझ्या पोरांना पेपरात काय लिहिता येतं?" मी विचारायचो.

"आणि तुमच्या पोरांना पेपराच्या बाहेर काय बोलता येतं?"

"माझ्या पोरांना बत्तीस अर्थ येतात."

"अहो, मला पस्तिशी उलटून गेली तरी बत्तीस लागले नाहीत," ती म्हणायची. "मी चारपाचात संसार करतेय."

दहावीचे निकाल लागले की माझ्या शाळेचे आकडे तिच्या शाळेपेक्षा थोडे वर असायचे. ते मी कागदावर काढून तिच्यापुढं ठेवायचो. दरवर्षी. ती चष्मा लावून नीट बघायची आणि म्हणायची, "छान. आता भाजी निवडा."

प्रज्ञा तिच्या त्या छत्रीवाल्या वर्गातली. मूळची माणसं इस्लापूरकडची. वडील लवकर गेले. आई, शालनबाई, अर्धापूरला केळीच्या गाड्या भरायच्या कामावर होत्या. पोरगी शिकली, नांदेडला नर्सिंग केलं आणि लातूरच्या एका खाजगी दवाखान्यात अतिदक्षता विभागात लागली आणि आईलाही लातूरला घेऊन आली. तिथं नऊ वर्षं झाली आणि नऊही वर्षं करारावर. इंग्लंडमधल्या एका इस्पितळानं तिची मुलाखत घेतली आणि जागा देऊ केली, कायमची. अट एकच. परदेशी नर्सेससाठी इंग्रजीची एक परीक्षा असते, ती पास व्हायची. वाचणं, लिहिणं, ऐकणं यांत ती पास झाली होती. बोलण्यात दोनदा थोडक्यात राहिली. इस्पितळानं कळवलं की तिसऱ्या निकालापर्यंत जागा धरून ठेवतो, नंतर यादीतल्या पुढच्या बाईला देतो. म्हणून ती आपल्या सातवीच्या मॅडमना शोधत आमच्या घरी आली होती. सुमती गेली तेव्हा ही तिसरी परीक्षा दहा आठवड्यांवर होती.

तेरावा झाल्यावर दोन दिवसांनी ती आली. हातात पुस्तकं.

"सर, मॅडमची पुस्तकं द्यायला आले."

"राहू दे तुझ्याकडे. परीक्षा आहे ना?"

"मी बसत नाही परीक्षेला."

"का?"

"मॅडम नाहीत आता."

"मी आहे की," मी म्हणालो.

माझी कीर्ती रविवारच्या भांडणांतून अर्धापूरपर्यंत गेलेली असणार. तिनं हळू आवाजात विचारलं, "तक्ता?"

तक्ता. मी माळ्यावरून काढला, पुसला आणि समोरच्या खोलीत टांगला. मला बरं वाटलं. त्या पंधरवड्यात मला पहिल्यांदा काहीतरी करायचं सुचलं होतं आणि ते मला येत होतं.

प्रज्ञा कष्टाळू पोरगी. चार दिवसांत तिचे बत्तीस अर्थ पाठ झाले. दवाखान्याची ड्युटी करून आली तरी न अडखळता सांगायची. बोलण्याची परीक्षा कशी असते ते सांगतो. उमेदवाराला एक कार्ड देतात. त्यावर रुग्ण कोण, त्याला काय झालंय, त्याला काय पटवायचंय ते लिहिलेलं असतं. तीन मिनिटं वाचायचं. मग परीक्षक रुग्ण होतो आणि उमेदवार नर्स, आणि पाच मिनिटं बोलायचं. आम्ही तसा सराव सुरू केला. मी खुर्चीत बसून रुग्णाची वाक्यं कार्डावरून वाचायचो, श्रुतलेखन घालावं तशी. ती म्हणायची, "यू शुड टेक..." आणि थांबायची. नजर वर, तक्त्याकडे. ओठ हलायचे. "सर, सहावा?" मग पुढचं वाक्य. खऱ्या रुग्णासमोर नर्स अशी मध्येच छताकडे बघत थांबली असती, तर त्यानं देवाचं नाव घेतलं असतं.

तीन आठवडे हे चाललं. ती दिवसेंदिवस कमी बोलायला लागली. आधी निदान चुकत बोलायची. आता चुकायलाही तयार नव्हती. एका दुपारी शालनबाईंचा फोन आला.

"जयभीम सर. एक बोलू का?"

"बोला की."

"पोरगी भाकरी करता करता नंबर बोलून राहिली. अकरा, बारा, बावीस. म्या विचारलं काय मोजून राहिली बाई, तर म्हणे इंग्रजी हाय. सर, मॅडमकडून यायची तवा घरी बी हसून राहायची पोरगी."

मी म्हणालो, मी बघतो. फोन ठेवला आणि तक्त्यासमोर बसलो. काय बघायचं ते कळेना. पाच आठवडे उरले होते, आणि दोनदा थोडक्यात राहिलेली मुलगी माझ्या हाताखाली तिसऱ्यांदा भरपूर राहणार, हे मला दिसत होतं. मला दुसरं काही शिकवता येत नव्हतं, हेही.

पुढच्या शुक्रवारी जे कार्ड निघालं त्यात सत्तरीचा एक माणूस होता. त्यानं रक्तदाबाच्या गोळ्या बंद केल्या आहेत, त्याला समजवायचं. मी खुर्चीत बसलो. प्रज्ञानं विचारलं, "आर यू टेकिंग युअर टॅब्लेट्स?"

"नो."

"व्हाय नॉट?"

कार्डावर उत्तर होतं, गोळ्यांनी चक्कर येते. ते मी का वाचलं नाही, मला सांगता येणार नाही. मी म्हणालो, "नोबडी पुट्स देम इन द सॉसर."

बशीत कोणी ठेवत नाही. सकाळच्या चहाबरोबर सुमती माझी रक्तदाबाची गोळी बशीत ठेवायची. चहा मी आता स्वतः करून घेत होतो. गोळी बशीत नसायची, म्हणून घेतली जायची नाही. मी काही ठरवून सोडली नव्हती.

प्रज्ञानं कार्ड खाली ठेवलं. वर बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं.

"सिन्स व्हेन?"

मी सांगितलं, त्या मंगळवारपासून.

तिनं पिशवीतून रक्तदाबाचं यंत्र काढलं. बाही वर करा, हात टेबलावर ठेवा, बोलू नका, श्वास सोडा, हे सगळं इंग्रजीत. एकशे ऐंशी आणि एकशे दहा. मग ती मला रागावली. पंधरा मिनिटं, न थांबता, इंग्रजीत. व्याकरण जागोजागी मोडत होतं आणि तिचं तिकडे लक्ष नव्हतं. तुम्ही मास्तर आहात, तुम्हाला मोजता येतं, रोजची एक गोळी मोजता येत नाही? पाकीट कुठं आहे? आणा. माझ्यासमोर घ्या. उद्या डॉक्टरांकडे जायचं, मी फोन करून विचारणार. यात 'टेक' पाच-सहा वेळा तरी आला असेल. एकदाही तिनं तक्त्याकडे बघितलं नाही. यंत्र लावायला ती जागा बदलून बसली होती, तक्ता तिच्या पाठीमागे होता.

मी गोळी घेतली आणि पाण्याचा ग्लास खाली ठेवला. तिनं यंत्र पिशवीत ठेवलं. मग मराठीत म्हणाली, "सर, हे मी इंग्रजीत बोलले का?"

"हाव," मी म्हणालो. वर्गात मी मुलांना 'हो'ऐवजी 'हाव' म्हणू द्यायचो नाही.

मला काय कळलं ते सांगणं सोपं आहे. तिला रुग्ण लागत होता. सुमतीच्या तासाला आतल्या खोलीतून कण्हण्याचे आवाज यायचे. सुमती डोक्याला पंचा बांधून दिवाणावर पडायची आणि कधी हट्टी म्हातारी, कधी दारुड्या, कधी घाबरलेली बाळंतीण व्हायची. मी बाहेर पेपरची पानं जोरात उलटायचो. मला सोंग येत नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनातही मी पडदा ओढायचो. तेव्हा एकच मार्ग उरला: खरे रुग्ण.

शेजारच्या गयामावशी पहिल्या आल्या. त्यांचा गुडघा गल्लीत प्रसिद्ध आहे. नियम असा केला की रुग्णानं आपल्या भाषेत सांगायचं, प्रज्ञानं फक्त इंग्रजीत बोलायचं, आणि अडलं तर मी मध्ये सांगायचं.

"बाई, लई दुखायलाय गुडघा. तुझ्या इंग्रजीनं कमी होतंय का बघ," गयामावशी म्हणाल्या.

प्रज्ञानं गुडघा दाबून बघितला, विचारलं, ऐकलं आणि विश्रांती घ्यायला सांगितलं. 'टेक रेस्ट' मावशींना मी सांगायच्या आधीच कळलं.

"रेस्ट घेतेव की. मंग भाकरी कोण टाकंल?"

असा प्रश्न कुठल्याच कार्डावर नव्हता. प्रज्ञा म्हणाली, तुमच्या मुलाला करू द्या. मी मराठीत सांगितलं. मावशी इतक्या हसल्या की पदर तोंडाला लावावा लागला. "हिला म्हणावं, आधी त्याला अंथरुणातून उठवून दाव. मंग भाकरीचं बघू."

आणि प्रज्ञा त्यालाही उत्तर द्यायला लागली.

दुसरे खाजाभाई, एस.टी.चे निवृत्त ड्रायव्हर. साखर वाढलेली, आणि जिलेबी सोडायला तयार नाहीत. प्रज्ञानं त्यांची हजेरी घेतली तेव्हा ते माझ्याकडे वळून म्हणाले, "सर, मॅडम मेरे कू डाँट रई क्या?"

"हाव."

"इंग्रेजी में डाँटे तो बुरा नै लगता. और थोडा डाँटने बोलो."

मग रविवारही वाढला. सकाळी नऊपासून व्हरांड्यात माणसं बसायला लागली. 'आज इंग्रजी दवाखाना हाय का?' म्हणून रस्त्यावरून विचारायची. पहिल्या रविवारी मी भाषांतर केलं. दुसऱ्या रविवारी मी पाणी दिलं. तिसऱ्या रविवारी कुणाला माझी गरजच नव्हती. मावशी मराठीत बोलायच्या, प्रज्ञा इंग्रजीत, आणि दोघी एकमेकींना टाळ्या द्यायच्या.

मी तेव्हा खोलीत जाऊन तक्ता उतरवला. रामेश्वर आठवला, तो कंडक्टर आठवला, आणि नावं विसरलेली कितीतरी मुलं. ती सगळी माझ्यासमोर बसायची तेव्हा त्यांच्या घरी कुणी आजारी असायचं, कुणाची गाडी चुकलेली असायची, कुणाच्या बहिणीचं लग्न ठरलेलं असायचं. बोलण्यासारखं त्यांच्याकडे भरपूर होतं. मी त्यांना नंबर दिले. सुमतीनं हे मला अकरा वर्षं दर रविवारी सांगितलं आणि एकत्र आल्यावर बिनवाराचं सांगितलं. तुझं बरोबर होतं, हे एक वाक्य मी तिला म्हणालो असतो तर तिनं कदाचित विश्वास ठेवला नसता, पण म्हणायला हवं होतं.

परीक्षा हैदराबादला होती. शालनबाई तिच्याबरोबर गेल्या. दुपारी फोन आला.

"सर, झालं."

"कसं झालं?"

"एकाच्या पायाला जखम. साखरेची. दाखवायलाच तयार नाही, पट्टी करू देत नाही."

"खाजाभाईच की."

"हाव सर. म्हणून घोटाळा झाला."

"काय घोटाळा?"

"परीक्षा हाय हेच मी विसरले न सर. मी खुर्चीवरून उतरले आणि त्यांचा पाय बघायला खालीच बसले. त्यांच्या पायात बूट. चकचकीत, काळे."

मी डोळे मिटले. "मग ते काय म्हणाले?"

"काही नाही. पाय मागं ओढला."

"रागावून?"

"काय माहीत सर. पेशंट ओढतो तसा."

"आणि टेक? टेक आला का कुठं?"

"आठवत नाही सर," ती म्हणाली. "मी पायाकडेच बघून राहिले होते."

निकालाला सतरा दिवस लागले. त्या सतरा दिवसांत गयामावशी रोज सकाळी कुंपणाजवळ यायच्या. "आलं का पोरीचं?" मी नाही म्हणून मान हलवायचो. त्या म्हणायच्या, "त्या बुटवाल्याला काय कळतंय," आणि जायच्या. खाजाभाईंनी त्या दिवसांत जिलेबी बंद ठेवली; नवस होता की पथ्य, ते त्यांनी सांगितलं नाही. मला मात्र प्रज्ञाचं ते खाली बसणं दिवसरात्र दिसत होतं. परीक्षेत असं करतात का, याचं उत्तर माझ्या कुठल्याही पुस्तकात नव्हतं. मी तिला टेबलापलीकडून बोलायला शिकवलं असतं तर ती खुर्चीतच राहिली असती.

अठराव्या दिवशी ती ड्युटीवरून थेट घरी आली, गणवेशातच. मोबाइल माझ्यापुढं धरला. चष्मा सापडेपर्यंत तिनं वाट बघितली. बोलण्यात लागत होती तेवढी श्रेणी मिळाली होती. बरोबर तेवढीच, वर काही नाही. मी ते दोनदा वाचलं. मग तिनं माझा रक्तदाब घेतला. एकशे चाळीस होता, तो त्या दिवसाच्या मानानं बरा आहे असं म्हणाली.

जायच्या आधी मायलेकी येऊन गेल्या. शालनबाई पूर्ण वेळ दाराजवळच्या खुर्चीत अवघडून बसल्या होत्या. निघताना मला बाजूला बोलावून विचारलं, "सर, तिकडं ज्वारीचं पीठ भेटतं का हो?"

मला माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं.

"तुमच्या पुस्तकात न्हाई?"

"नाही."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि पाच किलोची पिशवी बांधायचं त्यांनी तिथंच ठरवलं.

प्रज्ञा आता तिकडं म्हाताऱ्या माणसांच्या वॉर्डात आहे. कायमच्या जागेवर. दर रविवारी आईशी बोलणं झालं की तिचा मला फोन येतो. पहिल्या रविवारी मी सवयीनं इंग्रजीत सुरुवात केली.

"सर, नको," ती म्हणाली. "सहा दिवस तेच बोलून राहिले. जबडा दुखतो. मराठीत बोला."

तेव्हापासून आम्ही मराठीत बोलतो. ती आधी माझा रक्तदाब विचारते, मग वॉर्डातल्या म्हाताऱ्यांचं सांगते. एकजण गयामावशींसारखाच भांडतो म्हणे. मी गल्लीतलं सांगतो. इंग्रजी शिकवणं मी बंद केलं आहे. घरात मी एकटा असतो. रविवारी दुपारी फोन येतो, वीस-पंचवीस मिनिटं बोलणं होतं.